वाद्य आधी की रंग आधी?

फ्लॅमेन्को हा स्पेनमधला नाच रंगवायला बसलेला चित्रकार बहुधा झग्यापासून सुरुवात करतो. मागे लांब घोळ सोडलेला झगा (स्पॅनिशमध्ये त्याला बाता दे कोला म्हणतात), त्याच्या झालरी, खांद्यावरची शाल, केसांत माळलेलं फूल. एका स्थिर चित्राला एवढं पुरतं. पण हेच चित्र हातानं रंगवून सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं हलवायचं ठरलं की गाडी अडते. झगा हलतो, मनगटं फिरतात, पाय वर-खाली होतात. तरी बघणाऱ्याला वाटतं की मागे कुणीतरी गाणं लावलंय आणि ही बाई त्यावर हातपाय हलवतेय. नाच काही उभा राहत नाही.

मग चूक चित्रकलेत शोधली जाते. रेषा सैल करून बघू, रंग जाड लावू, आणखी फ्रेम काढू. माझं मत असं की चूक त्याच्या बरीच आधी, कामाच्या क्रमात झालेली असते.

अ‍ॅनिमेशनचा रूढ क्रम सरळ आहे. संगीत पूर्ण ध्वनिमुद्रित होतं, त्याच्या मात्रा फ्रेममध्ये मोजून तक्ता तयार होतो आणि चित्रकार त्या तक्त्याबरहुकूम रंगवत जातो. फ्लॅमेन्कोच्या मंचावर मात्र नाचणारी गाण्यामागून जात नाही. ती पायांनी एक ठरावीक इशारा देते, त्याला यामादा म्हणतात, म्हणजे हाक. ती हाक ऐकून गायक पद उचलतो. पद संपता संपता ती रेमाते घेते, म्हणजे तो तुकडा पायांनी बांधून टाकते, आणि गिटार तिच्याबरोबर थांबते. लय चढवायची तिनं, उतरवायची तिनं. गिटारवादकाची नजर तिच्या पायांवरून हलत नाही. लावणीच्या बैठकीत ढोलकीवाला नाचणारीच्या पायांकडे बघत हात कसा उचलतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला यात नवल वाटणार नाही.

अशा नाचाचं गाणं आधी पक्कं करून ठेवलं आणि मग नाचणारी रंगवली, तर तिची हाकच काढून घेतल्यासारखं होतं. जी हुकूम सोडायची ती हुकूम पाळायला लागते. कारण सांगता आलं नाही तरी डोळ्याला हे लगेच खटकतं.

या अडचणीतून वाट काढलेलं एक काम हातानं रंगवलेल्या अ‍ॅनिमेशनच्या इतिहासात आहे. ते फ्लॅमेन्कोवरचं नाही, जाझवरचं आहे. १९४९ साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात तयार झालेली 'बिगॉन डल केअर' ही साधारण ८ मिनिटांची फिल्म. फ्रेंच नाव 'काप्रीस आँ कुलर'. रंगकाम नॉर्मन मॅक्लॅरेन आणि एव्हलिन लॅम्बर्ट यांचं, संगीत ऑस्कर पीटरसनच्या त्रिकुटाचं. फ्लॅमेन्कोवर फिल्म करू पाहणाऱ्या कुठल्याही गटानं हे प्रकरण आधी नीट उलगडून बघावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

तिघं जण

मॅक्लॅरेनचा जन्म १९१४ चा, स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगचा. ग्लासगोच्या कलाशाळेत शिकत असताना त्याला चित्रपट करायचा होता, पण कॅमेरा नव्हता. तेव्हा त्यानं वापरून झालेल्या जुन्या फिल्मच्या पट्टीवरचं इमल्शन, म्हणजे चित्र उमटतं तो थर, धुऊन काढलं आणि पारदर्शक झालेल्या पट्टीवर रंगीत शाईनं थेट चित्रं काढली. पुढे लंडनला ब्रिटिश टपाल खात्याच्या फिल्म युनिटमध्ये तो काम करू लागला. त्याच युनिटसाठी लेन लाय या न्यूझीलंडच्या कलावंतानं १९३५ साली थेट पट्टीवर रंगवलेली फिल्म केली होती. ती बघून, आपण करत होतो ते पोरखेळ नव्हते, याची मॅक्लॅरेनला खात्री पटली असणार. १९३६ मध्ये तो स्पेनलाही गेला, पण नाच बघायला नव्हे. यादवी युद्धातल्या माद्रिदवरच्या माहितीपटाचा कॅमेरामन म्हणून गेला. १९३९ ला न्यूयॉर्क आणि १९४१ पासून ओटावा. माहितीपटकार जॉन ग्रिअर्सनच्या पुढाकारानं फिल्म बोर्ड नुकतंच, १९३९ मध्ये, उभं राहिलं होतं आणि तेव्हा ते ओटावात होतं.

अ‍ॅनिमेशन म्हणजे हलणारी चित्रं नव्हेत, चितारलेली हालचाल. आणि दोन फ्रेमच्या मधे जे घडतं ते प्रत्येक फ्रेमवर जे दिसतं त्यापेक्षा मोलाचं, अशी त्याची धारणा होती. फ्लॅमेन्को शिकवणारा कुणीही हे मान डोलावून ऐकेल. हात वर गेला हे महत्त्वाचं नसतं, तो किती अडून, किती ओढ लावून गेला, यावर सगळं असतं.

एव्हलिन लॅम्बर्टसुद्धा १९१४ चीच, ओटावाची. १९४२ मध्ये ती फिल्म बोर्डात आली. लहानपणापासून तिला कमी ऐकू यायचं. गोल पृथ्वीचा सपाट नकाशा बिनचूक का होऊ शकत नाही, हे समजावणारी छोटी फिल्म तिनं १९४७ साली स्वतः दिग्दर्शित केली होती. म्हणजे मोजमाप, प्रमाण, एका पृष्ठभागावरचं दुसऱ्यावर नेताना काय निसटतं याचा विचार, हे तिच्या डोक्यात आधीपासून मुरलेलं होतं. पुढे याचा उल्लेख येईल, म्हणून ध्यानात राहू द्या.

जाझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन दोघांपेक्षा अकरा वर्षांनी लहान. मॉन्ट्रियलचा, रेल्वेत पोर्टर असलेल्या बापाचा मुलगा. १९४९ मध्ये तो चोवीस वर्षांचा होता आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून तो अमेरिकेला माहीत झाला. मॅक्लॅरेननं त्याला गाठलं तेव्हा तो अजून मॉन्ट्रियलच्या क्लबात वाजवत होता.

पियानोपाशी

या प्रकरणाचा गाभा रंगाला हात लागण्याच्या आधीच्या दिवसांत आहे.

मॅक्लॅरेननं पीटरसनला आधी आपलं जुनं काम दाखवलं. संगीतकाराला चित्रकाराची भाषा कळली पाहिजे, हा पहिला भाग. मग दोघं चार दिवस पियानोपाशी बसले. पीटरसन वाजवून बघायचा आणि त्या वाजवण्यातून मॅक्लॅरेनला काही दिसायचं. उलट मॅक्लॅरेनला एखाद्या जागी विशिष्ट दृश्य हवं असायचं आणि त्यासाठी तो संगीत मागायचा: इथे हळूहळू चढत जाणारं काही हवंय, इथे एकदम रिकामं हवंय. पीटरसन ते वाजवून दाखवायचा, बदलायचा, आपली भर घालायचा. असं दोन्ही बाजूंनी घासून आठ मिनिटांचा आराखडा बनला. आधी जलद, मधे अगदी संथ, शेवटी अतिजलद. त्यानंतर काही दिवसांनी ध्वनिमुद्रण झालं, आणि ध्वनिमुद्रणानंतरच रंगकाम सुरू झालं.

वरवर बघता क्रम तोच राहिला, आधी संगीत आणि मग चित्र. पण संगीत पक्कं होण्याआधी चित्रानं आपली मागणी नोंदवलेली होती. पट्टीवर एक ठिपकाही पडलेला नसताना त्या ध्वनिमुद्रणात रंगासाठी जागा सोडलेल्या होत्या. पुढे रंगवताना मॅक्लॅरेन आणि लॅम्बर्ट पियानोमागे धावताना दिसत नाहीत, त्याचं कारण मला हे वाटतं. कित्येक ठिकाणी रंगच आधी वळतो आणि पियानो त्याला उत्तर देतो असा भास होतो. तो भास खोटाही नाही, कारण त्या जागी मागणी रंगाचीच होती.

फ्लॅमेन्कोतली यामादा आणि हे चार दिवस, दोन्हींत एकच गोष्ट चालते. मला तरी दोन्हींत फरक दिसत नाही.

संगीत फुटपट्टीनं

ध्वनिमुद्रण झाल्यावर मोजणी. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एक फ्रेम १९ मिलिमीटर उंचीची जागा घेते. एका फुटात १६ फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एका सेकंदाचं संगीत बरोबर दीड फूट लांब असतं. मिनिटाला ९० फूट. आठ मिनिटं धरली तर ७२० फूट आणि साडेअकरा हजारांच्या आसपास फ्रेम. संगीताच्या पट्टीवर आघात कुठे आहेत, वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे विरतं, हे शोधून खुणा करायच्या आणि त्यांची अंतरं फ्रेममध्ये लिहून काढायची. हे झालं की पीटरसनचा पियानो कानानं ऐकण्याबरोबर टेबलावर डोळ्यांनी वाचताही येऊ लागतो.

आता मोठा निर्णय. मॅक्लॅरेन आणि लॅम्बर्ट यांनी फ्रेमच्या रेघा सोडून दिल्या. बहुतेक भागात त्यांनी एकेका फ्रेममध्ये चिमुकलं चित्र काढलंच नाही. पट्टी लांबच्या लांब पसरून तिच्यावर सलग रंग ओढला, जणू एक अरुंद आणि न संपणारं चित्र. त्याचे तुकडे प्रोजेक्टरनं करायचे.

याचा परिणाम काय होतो ते जरा जवळून बघू, कारण सगळी किमया इथे आहे. समजा पट्टीच्या मधोमध लांबीच्या दिशेनं एक सरळ रेघ ओढली. पडद्यावर ती उभी रेघ एका जागी थरथरत राहते, कारण हाताची बारीक चळ प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी पडते. तीच रेघ किंचित तिरकी, दीड फुटात डाव्या काठावरून उजव्या काठाला पोचेल अशी ओढली, की पडद्यावर एका सेकंदात ती डावीकडून उजवीकडे चालत जाते. ब्रश जितका तिरका, तितकी चाल जलद. आता लेसचा तुकडा घ्या. त्याची नक्षी दर १९ मिलिमीटरला पुन्हा येत असेल तर पडद्यावर ती जागच्या जागी उभी दिसेल. नक्षीचं अंतर त्याहून थोडंसं कमी किंवा जास्त असलं की ती वर किंवा खाली सरकू लागते. कापड एकच, ताणून धरलं की सरकण्याचा वेग बदलतो. फ्रेमगणिक चित्र काढणाऱ्याला ही हालचाल बसवायला दिवस लागले असते. इथे ती कापडाच्या विणीत आयती असते आणि हातानं फक्त ती ओळखायची असते.

आणि कापडं, जाळ्या, लेस त्यांनी खरोखरच वापरल्या. लहान-मोठे ब्रश, फवारे, बारीक चुरगळलेला कागद. ओल्या रंगावर खरखरीत कापड दाबून उचललं. जाळी आणि लेस पट्टीवर घट्ट ताणून वरून रंग फवारला. ओल्या रंगावर धूळ भुरभुरवली, तर प्रत्येक कणाभोवतीचा रंग मागे सरून गोल वर्तुळ उमटलं. एक काळा रंग असा सापडला की वाळताना त्याला भेगा पडून नक्षी व्हायची. धूळ म्हणजे फिल्मवाल्याचा जन्माचा वैरी. प्रयोगशाळेत तिच्यापायी माणसं हातमोजे घालून वावरतात. या दोघांनी तिला बोलावून कामाला लावलं, हे मला या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात आवडतं.

पण एकदा रंगवलं आणि लावलं, असं नव्हतं. संगीताच्या एकेका वाक्यासाठी ते अनेक पट्ट्या रंगवायचे. त्या संपादनयंत्रावर संगीताबरोबर चालवून बघायच्या आणि ज्या जुळतील त्या ठेवायच्या. एखाद्या पट्टीचा सुरुवातीचा भाग या वाक्यात बसला नाही तर दोन वाक्यं पुढे बसायचा. बाहेरून जे उत्स्फूर्त दिसतं त्यामागे अशी निवड असते. जाझ वादकाच्या रियाजाचंही तसंच. क्लबात तो जे सहज वाजवतो त्याच्या मागे घरी टाकून दिलेल्या शंभर ताना असतात.

मधला संथ भाग वेगळ्या रीतीनं केला. तिथे रंग जवळजवळ नाहीच. काळ्या पट्टीवर अणकुचीदार हत्यारानं ओरखडे काढले. काळ्याभोर पडद्यावर बारीक पांढऱ्या उभ्या रेषा, कधी एक, कधी चार, हलकेच थरथरणाऱ्या, आणि मागे पियानो अगदी धीम्या सुरांत. पहिल्या भागातल्या रंगांच्या गर्दीनंतर ही शांतता अंगावर येते. त्यानंतरचा तिसरा भाग इतका वेगात सुटतो की डोळा फक्त धरून बसतो.

लॅम्बर्टचं नाव

ही फिल्म चर्चेत येते तेव्हा बहुतेक ठिकाणी ती 'मॅक्लॅरेनची' म्हणून येते. श्रेयनामावलीत दोघांची नावं आहेत. तरी बोलताना एक गळतं, आणि प्रत्येक वेळी तेच गळतं. मला हे सलतं, आणि हळहळ व्यक्त करून पुढे जाण्यासारखं ते नाही. एक नाव गाळलं की कामाची पद्धतच चुकीची सांगितली जाते.

एकट्या प्रतिभावंताची कहाणी सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं, मनात आलं आणि ब्रश फिरवला. प्रत्यक्षात लांबच्या लांब पट्टीवर दोन माणसं रंग लावतायत, एकमेकांच्या पट्ट्या बघतायत, ही ठेव, ती काढ, असं ठरवतायत. निवड दोघांची असते तेव्हा ती बोलून करावी लागते आणि बोलताना कारण द्यावं लागतं. शिवाय लॅम्बर्टला कमी ऐकू यायचं हे लक्षात घ्या. नकाशाच्या अडचणीवर फिल्म करणारी ही बाई आवाजाचं अंतरात रूपांतर करण्याच्या कामाला किती नेमकी होती! एका पृष्ठभागावरचं दुसऱ्यावर न्यायचं, आणि नेताना काय निसटतं त्यावर लक्ष ठेवायचं. आधी पृथ्वी कागदावर, आता पियानो पट्टीवर. या फिल्ममधली कुठली पट्टी कुणाच्या हातची, हे बघून सांगता येत नाही. दोघांच्या कामाला मी याहून मोठी दाद देऊ शकत नाही.

पुढेही अनेक वर्षं दोघांनी मिळून कामं केली, १९६० आणि १९६२ च्या उभ्या-आडव्या रेषांच्या फिल्म, १९६५ ची ठिपक्यांची. नंतर लॅम्बर्टनं कागदी कातरकामाच्या स्वतःच्या फिल्म केल्या. कॅनडातली पहिली स्त्री अ‍ॅनिमेटर म्हणून तिचं नाव घेतलं जातं. मॅक्लॅरेन या फिल्मनंतर युनेस्कोच्या कामासाठी आधी चीनमध्ये आणि पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातही येऊन गेला.

आता फ्लॅमेन्को

हे सगळं जाझचं. फ्लॅमेन्कोला लावताना काय टिकतं, काय तुटतं?

मोजणी टिकते, उलट इथे तिची गरज जास्त. फ्लॅमेन्कोच्या तालचक्राला कोम्पास म्हणतात. सोलेआ, आलेग्रियास, बुलेरिया हे प्रकार १२ मात्रांचे. आपल्या कानाला १२ म्हटलं की एकताल आठवतो, दोन-दोन मात्रांचे सहा विभाग. ती सवय इथे बाजूला ठेवावी लागते. यात जोर १२, ३, ६, ८, १० या मात्रांवर येतो. बाराव्या मात्रेपासून मोजलं तर विभाग पडतात ३, ३, २, २, २ असे. आधी दोन लांब पावलं आणि मग तीन आखूड. हा लंगडा तोल हेच त्याचं सौंदर्य.

पट्टीवर तो कसा दिसेल? जलद बुलेरिया मिनिटाला २४० मात्रांची धरू. एका मात्रेला ६ फ्रेम. विभाग पडले १८, १८, १२, १२, १२ फ्रेमचे आणि सबंध आवर्तन ७२ फ्रेमचं, म्हणजे तीन सेकंद, म्हणजे साडेचार फूट. टेबलावर साडेचार फुटांची पट्टी ठेवली आणि त्यावर पाच खुणा केल्या की कोम्पास समोर पसरलेला असतो. नाचणारीनं ही पट्टी बघावी आणि चित्रकारानं टाळ्या वाजवून ती मोजावी. फ्लॅमेन्कोत टाळ्यांना पाल्मास म्हणतात आणि त्या वाजवणारे वादकाच्या बरोबरीचे मानले जातात. टाळी धरता न येणाऱ्या चित्रकारानं हे काम हाती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मिनिटाला ६० मात्रांची संथ सोलेआ घेतली तर तेच आवर्तन १८ फुटांवर जातं. तिथे एका तिरक्या रेघेला चालायला भरपूर जागा असते.

पायांच्या कामाचं काय? नाचाच्या बुटांना टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेले असतात आणि एस्कोबिया नावाच्या भागात नुसतं पायांचं काम चालतं. कथकमधल्या तत्कारासारखंच, पाय हेच वाद्य. सेकंदाला १२ आघात झाले तर एका आघाताच्या वाट्याला दोन फ्रेम येतात. एक आघाताची, एक रिकामी. याहून जलद गेलं की फिल्मची मर्यादा आली. इथे पाय काढत बसण्यात अर्थ नाही, कारण दोन फ्रेममध्ये पाय दिसतच नाही, ठिणगी दिसते. बुटाचा आकार सोडून आघात रंगवायचा, हे त्या ओटावातल्या टेबलावरून शिकण्यासारखं आहे.

तुटतं ते शरीर. पीटरसन पडद्यावर दिसला नाही तरी चालतं, जाझ ऐकायचं असतं. पण नाचणारी गायब करून फ्लॅमेन्को कसा दाखवणार? दोन सोप्या वाटा आहेत. एक म्हणजे नाच चित्रित करून त्यावरून फ्रेमगणिक गिरवणं, ज्याला रोटोस्कोपिंग म्हणतात. त्यात बाह्यरेषा तंतोतंत येते, पण वजन निघून जातं. नाचणारीची टाच जमिनीत रुतल्यासारखी न दिसता जमिनीवर तरंगल्यासारखी दिसते. दुसरी वाट म्हणजे शरीर पुरतं सोडून देणं. बास्क चित्रकार होसे आन्तोनिओ सिस्तियागा यानं १९६८ ते १९७० या काळात ७५ मिनिटांची सबंध फिल्म थेट पट्टीवर हातानं रंगवली. तिच्यात ना माणूस, ना आवाज. ते एकट्यानं केलेलं अचाट काम आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण तिथे हाक देणारं आणि हाक ऐकणारं कुणी नाही, त्यामुळे आपल्या अडचणीला त्याचा उपयोग नाही.

मॅक्लॅरेनला स्वतःला शरीर हवं झालं तेव्हा त्यानं ते रंगवायचा हट्ट धरला नाही. १९६८ मध्ये त्यानं मार्गारेट मर्सिए आणि व्हिन्सेंट वॉरन या दोन बॅले कलावंतांना काळ्या पार्श्वभूमीवर चित्रित केलं आणि एकाच हालचालीच्या प्रतिमा थोड्या-थोड्या अंतरानं एकमेकींवर छापल्या. हात उचलला की मागे हातांचा पंखा उलगडत जातो. बाता दे कोलाचा घोळ नाचणारीनं पायानं मागे फेकला की नेमकं असंच काहीतरी हवेत राहतं. एका ब्रशच्या सलग ओढीत ते पकडता येईल. झगा रंगवायचा नाही, तो जिथून गेला तो मार्ग रंगवायचा.

आणि नाचणारीच्या हातात ब्रश का देऊ नये? विसेंते एस्कुदेरो हा फ्लॅमेन्कोचा मोठा नर्तक स्वतः चित्रं काढायचा. हात कुठून निघतो आणि कुठे विसावतो याची रेघ त्याला शरीरातूनच ठाऊक होती. पट्टीवर तिरकी रेघ किती तिरकी असावी हे ठरवायला अशा माणसाइतका योग्य दुसरा कोण?

तर पहिले चार दिवस कसे जावेत, हे मी असं धरतो. खोलीत नाचणारी, गिटारवादक, गायक, टाळ्या देणारा आणि दोन चित्रकार. रेकॉर्डर बंद. नाचणारी यामादा देते, गिटार उत्तर देते, चित्रकार बघतात आणि सांगतात की या हाकेआधी आम्हाला तीन मात्रा काळोख हवा. ती करून बघते. नको वाटलं तर नाही म्हणते, कारण कोम्पास तिचा आहे आणि तिथे तिचा शब्द शेवटचा. कधी तीच मागते की या वळणाला लाल आणू नका, मी अजून वळलेले नाही. गायकाचं पद मात्र मोजणीत सहज सापडत नाही. ते मात्रेच्या मागे रेंगाळतं, मधेच पुढे झेपावतं. त्याच्यासाठी पट्टीवर खुणा करण्याऐवजी नुसती जागा राखावी आणि ध्वनिमुद्रणानंतर तो कुठे उतरला ते बघावं. ध्वनिमुद्रण झाल्यावर नाचणारीनं घरी जायचं नाही. पट्ट्या रंगवून यंत्रावर चढल्या की निवडायला ती हवी. श्रेयनामावलीत तिचं नाव चित्रकारांच्या ओळीत लिहायचं, आभारांत नाही.

आलेग्रियास नाचात मधे एक भाग येतो, त्याचं नावच सिलेन्सिओ. गाणं थांबतं, पायांचं काम थांबतं. गिटार एकटी हळू वाजते आणि नाचणारी फक्त हातांनी, पाठीनं, मानेनं नाचते. मग एस्कोबिया आणि शेवटी बुलेरियाची धाव. 'बिगॉन डल केअर'च्या मधल्या काळ्या भागाशी त्याची ठेवण इतकी जुळते की मी कामाला तिथूनच सुरुवात करीन. संथ लयीत एका आवर्तनाची काळी पट्टी टेबलावर ताणून लावायची. पाच जागी खडूनं बारीक खूण करायची. समोर नाचणारीनं हात उचलायला घेतला की सुई टेकवायची आणि तिचा हात थांबेपर्यंत उचलायची नाही.